अर्ज: एक दुर्लक्षित वाङ्मयप्रकार

दलित साहित्याची चर्चा करताना आपण कविता, कथा, आत्मकथन आणि फार तर नाटक यांच्यापलीकडे सहसा जात नाही. वैचारिक लेखनाला आपण मान देतो, पण त्याची वाङ्मय म्हणून चिकित्सा करीत नाही. अर्ज तर आपल्या समीक्षेच्या खिजगणतीतही नाही. वास्तविक आपल्या समाजातल्या साध्या माणसाने ज्या कारणासाठी प्रथम कागद हाती धरला ते कारण अर्जाचे होते. पाणवठा खुला करा, पोराला शाळेत घ्या, पलटणीत भरती करा, वतनाची जमीन सोडवून द्या, घराला जागा द्या. वस्तीत ज्याला चार अक्षरे येत तो सगळ्या वस्तीचा अर्जनवीस होई. माझे वडील मावळातल्या इंदुरीच्या आमच्या वस्तीत असे अर्जनवीस होते. वडगावच्या मामलेदार कचेरीत जाणारा वस्तीचा प्रत्येक कागद त्यांच्या हातून जाई. लिहून झाल्यावर तो ज्याचा असे त्याला ते मोठ्याने वाचून दाखवीत आणि त्याने मान डोलवल्याखेरीज त्याचा अंगठा घेत नसत. वाचून दाखवण्याच्या या रीतीचे महत्त्व मला फार उशिरा कळले. प्रस्तुत लेख त्या उशिराच्या कळण्यातून लिहिला आहे.

आज अर्जाचे रूप पालटले आहे. तो मामलेदाराकडे जातोच, पण जिनिव्हाकडेही जातो. क्षय, हिवताप, एड्स, कुपोषण अशा प्रश्नांवर काम करणाऱ्या जागतिक आरोग्यसंस्था श्रीमंत राष्ट्रांपुढे आपली मागणी ठेवतात, आणि त्या पैशातला वाटा मिळावा म्हणून आपल्याकडच्या संस्था त्यांच्यापुढे आपली मागणी ठेवतात. या मागणीचे एक ठरीव लेखन तयार झाले आहे. त्याला लेखक आहेत, संपादक आहेत, शैली आहे, अलंकार आहेत आणि नायिकाही आहे. ही नायिका पुष्कळ वेळा आपल्याच वस्तीतली बाई असते. तिच्या नावाने लिहिले जाणारे हे लेखन ती वाचत नाही, आपले समीक्षकही वाचत नाहीत. ज्या लेखनाच्या बळावर लाखो माणसांच्या गोळ्या, तपासण्या आणि पर्यायाने जगणे-मरणे ठरते त्याकडे समीक्षेने पाठ फिरवावी, हे मला योग्य वाटत नाही.

प्रथम माझ्याच अपराधाची हकिकत सांगतो, कारण या लेखनाचा मी केवळ वाचक नाही, एकदा लेखकही झालो आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात क्षयरोगावर काम करणाऱ्या एका सेवाभावी संस्थेचे दोन कार्यकर्ते माझ्याकडे आले. परदेशी निधीसाठी त्यांना प्रस्ताव पाठवायचा होता आणि त्याला जोडण्यासाठी बऱ्या झालेल्या एका रुग्णाची ‘यशोगाथा’ हवी होती. मी शाळामास्तर, मला लिहिता येते, आणि माझी चुलती नुकतीच क्षयातून उठली होती. तिला सगळी वस्ती नानी म्हणते. मी आनंदाने होकार दिला. तिच्यापाशी दोन संध्याकाळी बसलो आणि सहा पाने लिहिली.

त्या सहा पानांत काय होते? नानीने वीस वर्षे दगडखाणीवर आणि खडीच्या क्रशरवर पाट्या वाहिल्या. तोंडाला पदर बांधला तरी संध्याकाळी थुंकी करडी पडे. तिचा नवरा त्याच कामावर होता आणि त्याच खोकल्याने गेला. त्याच्या मरणाच्या कागदावर कोणता रोग लिहिला आहे हे तिला आजही ठाऊक नाही. तिला खोकला लागला तेव्हा ती तीन वेळा दवाखान्याची पायरी चढली. दोन वेळा खोकल्याचे औषध देऊन तिला परत पाठवले. तिसऱ्या वेळी बेडका तपासायला घेतला तो वस्तीतली आशाताई हट्टाने सोबत गेली म्हणून. गोळ्या सरकारी होत्या आणि फुकट होत्या, पण रिकाम्या पोटी त्या घेतल्या की उलटी होई. पोषणासाठी सरकार दरमहा ५०० रुपये खात्यात टाकते असे तिला सांगण्यात आले. तिच्या नावावर खातेच नव्हते, आणि ते उघडेपर्यंत चार महिने गेले. या काळात गावातल्या ज्या घरी ती धुणेभांडी करी त्या घराने तिचा कप वेगळा ठेवला. ‘तो कप आधीबी येगळाच व्हता’, असे नानी म्हणाली. ‘आता त्येला कारन घावलं.’

संस्थेच्या पुण्यातल्या कार्यालयातून आठ दिवसांनी निरोप आला: दोनशे शब्दांत बसवा. दोनशे शब्दांत बसवताना काय गाळावे हेही त्यांनी सांगितले. जात लिहू नका, देणाऱ्यांना ती समजत नाही. क्रशर काढा, तो या प्रकल्पाच्या कक्षेत येत नाही. दवाखान्याविषयी कटुता नको, शासन आपले भागीदार आहे. एकच अडथळा ठेवा, एकच उपाय ठेवा आणि शेवट आशादायक करा. मी गाळत गेलो. शेवटी जो मजकूर राहिला त्याचा आशय असा: एका ग्रामीण, अशिक्षित महिलेने अज्ञानामुळे आणि भीतीमुळे उपचार टाळले होते, संस्थेच्या जनजागृतीमुळे तिचा गैरसमज दूर झाला, आज ती निरोगी असून इतरांना प्रेरणा देते. सोबत गोळ्यांचे पाकीट हाती धरलेले तिचे हसरे छायाचित्र. हा मजकूर त्यांनी मराठीतून इंग्रजीत नेला. मी त्यावर लेखक म्हणून सही केली.

ते कागद गेल्यावर कधीतरी मला वडिलांची रीत आठवली आणि मी तो मजकूर नानीला वाचून दाखवला. तिने तो शांतपणे ऐकला. मग विचारले, ‘मी कवा टाळलं रं? तीनदा गेले की चालत. परत कुनी धाडलं? आन् अडानी मीच व्हय?’

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. पण समीक्षेच्या दृष्टीने या प्रश्नात एक कसोटी आहे असे मला वाटते, आणि ती लावून पाहण्याआधी आपल्या परंपरेतल्या अर्जांकडे एकदा वळले पाहिजे.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले ते सरकारकडे पैशाची मागणी करणारे लेखन आहे. पण त्याची मांडणी पाहा. शूद्रातिशूद्रांची मुले दीन आहेत म्हणून त्यांना शिकवा, असे जोतिराव म्हणत नाहीत. सरकारच्या तिजोरीतला पैसा रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा मुद्दा आहे. म्हणजे मागणारा हा मुळात देणारा आहे, हे ते प्रथम सिद्ध करतात आणि मग मागतात. यापुढे ज्याला ‘नाही’ म्हणायचे आहे त्याला आधी आपल्या जमाखर्चाचे उत्तर द्यावे लागते.

लष्करभरतीचे दार महारांना बंद झाल्यावर गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली जे विनंतीपत्र तयार केले, आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भारतमंत्र्यांकडे जो अर्ज धाडला, त्यांची भाषा आज आपल्याला नम्र वाटते. त्यात राजनिष्ठेची वचने आहेत. त्या काळी अर्जाला ती चुकत नसत. पण त्या नम्रतेखाली पलटणीतल्या नोकरीचा हिशेब आहे: आमच्या बापजाद्यांनी चाकरी केली, रक्त सांडले, त्याची नोंद तुमच्याच दप्तरात आहे. ‘विनंती’ हा शब्द वर आहे आणि आतमध्ये दावा आहे.

या परंपरेचा परमोच्च बिंदू म्हणजे बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेले निवेदन. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी, विशेषतः विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी, त्यांनी सरकारकडे पैसे मागितले. त्यांचा युक्तिवाद साधा होता. अलीगढच्या विद्यापीठाला तुम्ही दरसाल ३ लाख देता, बनारसच्या विद्यापीठाला ३ लाख देता. मग आमच्या समाजाने काय गुन्हा केला आहे? या मागणीतून पुढे १९४४ पासून केंद्र सरकारची अनुसूचित जातींसाठीची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज या लेखाचे जे विद्यार्थी वाचक आहेत त्यांच्यापैकी अनेकांच्या फीचे मूळ त्या कागदात आहे. त्या कागदात एकही रडके मूल नाही, एकही हसरे छायाचित्र नाही. तुलना आहे, आकडे आहेत आणि समानतेचे तत्त्व आहे. मन वळवणाऱ्या लेखनाचा याहून सरस नमुना मला तरी माहीत नाही.

हे माप हाती घेऊन आता आजच्या जागतिक मागणीपत्राकडे पाहू. उदाहरणासाठी एड्स, क्षय आणि हिवताप यांच्याशी लढण्यासाठी जानेवारी २००२ मध्ये स्थापन झालेला ग्लोबल फंड घेतो, कारण तो आपले मागणीपत्र उघडपणे प्रसिद्ध करतो. दर तीन वर्षांनी तो देशांपुढे ओंजळ पसरतो. २०२२ साली त्याने किमान १८ अब्ज डॉलर मागितले आणि त्यातून २ कोटी जीव वाचतील असे सांगितले. दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे आरोग्याच्या आणि आर्थिक लाभाच्या रूपाने ३१ डॉलर परत मिळतील, असाही हिशेब मांडला. २०२५ साली पुन्हा १८ अब्ज डॉलर मागितले. या वेळी वाचणारे जीव २ कोटी ३० लाख आणि प्रत्येक डॉलरमागे परतावा १९ डॉलर. या लेखनाला ते ‘गुंतवणुकीचा युक्तिवाद’ म्हणतात. नावातच त्याची सारी भूमिका आली.

या लेखनाचे काही गुण प्रथम मान्य केले पाहिजेत. एक तर ते आकड्यांना घाबरत नाही. दुसरे, ते मागितलेल्या पैशाचा जाब देते. तिसरे, या पैशातून खरोखर औषधे आली आहेत. २००२ पासून ७ कोटी जीव वाचले असे ही संस्था सांगते. रोगग्रस्त समाजाचे प्रतिनिधी देशपातळीवरच्या समितीत असलेच पाहिजेत असाही तिचा नियम आहे, आणि असा नियम आपल्या अनेक सरकारी समित्यांनाही नाही. ‘परदेशी पैसा म्हणजे पाप’ असे म्हणणाऱ्यांत मी नाही. गोळी कोणाच्या पैशाची आहे हे फुप्फुसाला कळत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा अर्ज सांगतो: हे आमचे आहे, म्हणून द्या. गुंतवणुकीचा युक्तिवाद सांगतो: यात लाभ आहे, म्हणून द्या. वरवर पाहता दुसरा युक्तिवाद अधिक व्यवहारी वाटतो. दात्याला नीती शिकवण्यापेक्षा फायदा दाखवावा, हे शहाणपणाचे वाटते. पण या युक्तिवादाच्या पोटातच त्याचा पराभव आहे. जीव वाचवायचा तो फायद्याचा म्हणून, असे एकदा मान्य केले की ज्याचा जीव फायद्याचा नाही त्याला वाचवण्याचे कारण उरत नाही. ३१ चे १९ झाले. हिशेबाच्या पद्धती वेगळ्या असतील, काळही वेगळा आहे. त्यात मी शिरत नाही. पण उद्या एका डॉलरमागे एकच डॉलर परत येऊ लागला, तर क्षयाच्या रोग्याने मरावे काय? गुंतवणुकीच्या भाषेत या प्रश्नाला ‘नाही’ असे ठामपणे म्हणण्याची सोय नाही.

ही केवळ तर्कटाची गोष्ट नाही. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालाने रोगाचे ओझे मोजण्याचे एक परिमाण जगभर रूढ केले. रोगामुळे आणि अपंगत्वामुळे माणसाची निरोगी वर्षे किती गेली ते त्यात मोजतात. मुळात कल्पना उपयुक्त आहे. पण आरंभीच्या हिशेबात सगळी वर्षे सारखी धरलेली नव्हती. पंचविशीच्या आसपासच्या माणसाच्या वर्षाचे वजन अधिक, तान्ह्या मुलाच्या आणि म्हाताऱ्याच्या वर्षाचे वजन कमी, असा भाव लावलेला होता. जगातल्या अभ्यासकांनी त्यावर टीका केली आणि २०१० सालच्या रोगभाराच्या गणनेपासून ही वजने काढून टाकण्यात आली. माणसाच्या आयुष्याला उतरंड लावणारे गणित आपल्याला परके नाही. आपण त्याच गणितात जन्मलो. म्हणूनच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी प्रत्येक माणसाचे मूल्य एकच मानण्याचा जो आग्रह धरला तो केवळ मतपेटीपुरता नाही. आरोग्याच्या अर्थसंकल्पालाही तोच लावला पाहिजे.

आणि फायद्याच्या युक्तिवादाचा व्यवहारात तरी विजय झाला काय? अमेरिकेच्या परदेशी मदतीचे स्वतंत्र खाते १ जुलै २०२५ पासून बंद झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्गला ग्लोबल फंडाचे निधिसंकलन झाले तेव्हा १८ अब्जांच्या मागणीपुढे ११.३४ अब्ज डॉलरची वचने मिळाली. परतावा कागदावर सिद्ध होता, तरी दात्यांनी हात आखडला. कारण गुंतवणूकदाराला गुंतवणूक न करण्याचे स्वातंत्र्य असते. ऋणकोला ते नसते. जोतिरावांनी सरकारला ऋणकोच्या जागी बसवले होते; आजचे मागणीपत्र सरकारांना गुंतवणूकदाराच्या गादीवर बसवते. दोन्ही लेखनांतला मूलभूत फरक हा आहे.

आता त्या लेखनाच्या दुसऱ्या अंगाकडे, म्हणजे यशोगाथेकडे येतो. आकडे डोक्यासाठी असतात आणि यशोगाथा काळजासाठी. प्रस्थापित मराठी साहित्यात दलितांविषयी जे कणवेने लिहिले गेले त्याची चिकित्सा करताना आपण म्हटले होते की, तिथे दलित हा दुःखाचा विषय असतो, विचाराचा कर्ता नसतो. त्याचे दुःख कोणामुळे आले हे सांगितले जात नाही. आणि वाचकाला हळहळून मोकळे होता येते. हे तिन्ही आक्षेप यशोगाथेला जसेच्या तसे लागू पडतात. किंबहुना ती एक पाऊल पुढे जाते. कणवेच्या कथेत निदान दलिताचे दुःख खरे असे. यशोगाथेत दुःखाचे कारणच बदलून टाकले जाते. क्रशरची धूळ, रिकामे पोट, दवाखान्याची टाळाटाळ आणि वेगळा कप यांच्या जागी ‘अज्ञान’ हा एकच शब्द येतो. रोगाचे कारण रोग्याच्या डोक्यात आहे, असे एकदा लिहिले की उपाय सोपा होतो: भिंतीवर घोषणा रंगवा, पथनाट्य करा, पत्रके वाटा.

येथे कोणी विचारील की, शब्दांवर एवढे का अडावे? पैसा मिळाला, गोळ्या आल्या, नानी वाचली. मजकुरात काय होते याने काय बिघडले? हा आक्षेप कार्यकर्त्यांकडून येतो म्हणून तो गंभीरपणे घेतला पाहिजे. माझे उत्तर असे की, मागणीपत्रात जे लिहिले जाते त्याचीच पुढे खरेदी होते. अज्ञान लिहिले की पत्रके छापली जातात. भूक लिहिली तरच धान्य येते. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांना तांदूळ, डाळ, तेल, दूधभुकटी असा शिधा देऊन एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. ज्या घरांतल्या सर्व माणसांना शिधा मिळाला तिथे नवा क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. आमच्या आज्या ‘पोटाला असलं तर खोकला टिकत न्हाई’ म्हणत, ते आता शास्त्राने मोजून दाखवले. सरकारनेही १ नोव्हेंबर २०२४ पासून पोषणाची रक्कम ५०० वरून १००० रुपये केली. म्हणजे माझ्या सहा पानांतले जे वाक्य प्रकल्पाच्या कक्षेबाहेरचे ठरले तेच रोगाच्या मुळाशी होते.

जातीचेही तेच. देणाऱ्यांना जात समजत नाही, असे मला सांगितले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१८ च्या आपल्या अहवालात नोंदवले की, भारतात दलित स्त्री वरच्या जातीच्या स्त्रीपेक्षा सरासरी १४.६ वर्षे आधी मरते. तेव्हा ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांना समजते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे आणि २०२५ पर्यंत क्षयमुक्त होण्याचे आपले लक्ष्य गाठले गेले नाही. अशा देशात मागणीपत्रातून जातीचा रकाना गळाला तर कामातूनही जातीची वस्ती गळणार. तपासणीची गाडी गावाच्या चौकापर्यंत येणार आणि वस्तीपर्यंत रस्ता नाही म्हणून परत जाणार.

जात ओळखून काम केले तर काय होते याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले. दुष्काळात कूपनलिका खोदण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी बोअर दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरला, म्हणजे पाण्यासाठी गावाला वस्तीत यावे लागेल. गावोगावच्या आरोग्यसेविका म्हणून त्यांनी ज्या स्त्रियांना तयार केले त्यांत अनेक निरक्षर आणि दलित होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडच्या कामाचा समावेश झाला, आणि १९७८ च्या अल्मा आटा येथील प्राथमिक आरोग्याच्या जाहीरनाम्यामागे जे अनुभव होते त्यांत या कामाची गणना होते. ‘पिण्याच्या पाण्याची सोय’ एवढेच कोणत्याही मागणीपत्रात लिहिता येते. बोअर कुठे घ्यायचा हा प्रश्न मात्र जातीचा असतो, आणि तो ज्याला दिसत नाही त्याच्या हातून वस्ती कोरडी राहते.

तेव्हा मागणीपत्रे लिहूच नयेत असे मला सुचवायचे नाही. उलट आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी ती लिहायला शिकले पाहिजे, कारण आपण लिहिली नाहीत तर आपल्या नावाने दुसरे लिहितात. इंदुरीजवळच्या तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. प्रत्येकाने एक पैसा द्यावा, अशी अंताजी दामोदर काळे यांची हाक होती. त्या चळवळीचे सामाजिक चारित्र्य काय होते हा वेगळा विषय आहे, पण त्या हाकेत एक गोष्ट नीट होती: तिथे देणारा वर आणि घेणारा खाली असे नव्हते. मागणीची भाषा माणसाला न वाकवताही लिहिता येते, हे मावळच्या मातीला माहीत आहे.

अशा लेखनाची परीक्षा कशी करावी? मी चार प्रश्न सुचवतो. या लेखनात रोगाचे कारण कोणाच्या माथी मारले आहे? ज्याच्यासाठी पैसा मागितला तो इथे बोलतो, की त्याच्याविषयी बोलले जाते? मागणीचा आधार हक्क आहे, की दया किंवा नफा? आणि शेवटचा, माझ्या वडिलांचा: हे ज्याचे आहे त्याला ते त्याच्या भाषेत वाचून दाखवले आहे काय, आणि ऐकून त्याने मान डोलवली काय? पहिल्या तीन प्रश्नांवर विद्वानांत मतभेद होतील. चौथ्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच असते, आणि जे लेखन तिथे नापास झाले ते कितीही निधी आणो, त्याला मी चांगले लेखन म्हणणार नाही.

दया आणि करुणा यांतला भेद आपल्याला नव्याने शिकायचा नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आमच्यापासून जवळच देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आमची वस्ती दरवर्षी तिथे जाते. बुद्धाची करुणा दुःख पाहून थांबत नाही, ती दुःखाचे कारण विचारते. ज्या मागणीपत्रात दुःख आहे पण कारण नाही, त्यात दया असेल, करुणा नाही.

अलीकडे आमच्या नदीवर आणखी एक गोष्ट घडली. १५ जून २०२५ रोजी इंदुरीजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला आणि ४ माणसे गेली. नव्या पुलाच्या पैशाला मंजुरी होती. मंजुरी होती, पूल नव्हता. दुसऱ्या दिवशी नानी मला म्हणाली, ‘कागदावं समदं असतंय बाबा.’ ती पुलाविषयी बोलत होती. मला माझे दोनशे शब्द आठवले.

ती सहा पाने मी जपून ठेवली आहेत. त्यांची पहिली प्रत आता मी नानीच्या तोंडच्या भाषेत पुन्हा लिहितो आहे. क्रशर, कप आणि दवाखान्याच्या तीन फेऱ्या तारखांसह. ती कोणत्या निधीसाठी पाठवायची हे अजून ठरलेले नाही. पण पाठवण्याआधी ती कोणाला वाचून दाखवायची हे ठरलेले आहे.